अहो, गिअरमध्ये टाका ना!

मोटारसायकलची मागची बाजू उचलून ठेवलेली दिसली की येणाऱ्याजाणाऱ्याला दोन गोष्टी आवरत नाहीत. एक, सल्ला देणं. दुसरी, हलते का ते हात लावून बघणं. कालच्या काकांनी दोन्ही उरकलं, आणि मी अजून धुसफुसतोय.

काम साधं. मोनोशॉक, म्हणजे मागे एकच शॉकअप, तो काढायचा. पण मागचा सगळा भार त्याच्यावरच, त्यामुळे तो काढण्याआधी गाडीला दुसरा कुणीतरी वाली हवा. गाडी उभी करून मी खाली आडवा झालो आणि कानाशी चपला येऊन थांबल्या.

"पडेल हां."

"नाही पडणार, काका."

"पॅडॉक स्टँड नाही वाटतं?"

आहे. मागचं चाक वर उचलणारा हा स्टँड चेन साफ करायला, चाक काढायला उत्तम. पण तो धरतो स्विंगआर्मला, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या, वरखाली हलणाऱ्या दांड्याला. स्विंगआर्म आणि चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, यांच्यामध्ये शॉकअप हाच एक खांब. त्याचा बोल्ट निघाला की चाक राहतं जागेवर आणि चासी सीटसकट खाली बसते. मधे बोटं असतील तर त्यांच्यावर. म्हणून आधार चासीलाच द्यायचा. हे सगळं मी दोन्ही हातांनी अभिनय करून सांगितलं. काकांनी मनापासून ऐकलं.

"तरी पण पॅडॉक स्टँड लावला असता तर बरं झालं असतं."

डबल स्टँड असलेले सुखी. तो चासीलाच जोडलेला असतो, चाक आपोआप लोंबकळतं. नसेल तर दोन घोड्या, म्हणजे वजन पेलणारे पक्के स्टँड, घ्यायच्या आणि दोन्ही बाजूंना फूटरेस्टचं ब्रॅकेट जिथे चासीला बोल्टने बसतं तिथे टेकवायच्या. फूटरेस्टखाली नाही, तो वर दुमडतो. स्विंगआर्म ज्यावर फिरतो ती पिव्होटची दांडी पोकळ असेल तर तिच्यातून घट्ट बसणारी पोलादी सळई घालून तिची दोन टोकं घोड्यांवर ठेवणं सगळ्यात छान. टायर जमिनीपासून 20-30 मिलीमीटर सुटला की पुरे. उंची वाढली की तोल कच्चा होतो.

"एवढा उपद्व्याप कशाला? जॅक लावा इंजिनखाली, मधोमध."

मधोमध सम्प असतो, म्हणजे इंजिनचं ऑइल साठतं तो तळ. ॲल्युमिनियमचं ओतकाम ते. वाकत नाही, सरळ तडकतं. इंजिनखालून चासीचे पाइप गेलेले असतील तर त्या पाइपांना जाड लाकडी फळी टेकवून जॅक लावता येतो, पण उचलण्यापुरताच. हायड्रॉलिक जॅकचं सील दमलं की तो गुपचूप खाली येतो. उचलायचं जॅकने, ठेवायचं घोडीवर.

मग आला कालचा सर्वोत्तम सल्ला.

"अहो, गिअरमध्ये टाका ना! मग कशी हलेल?"

"काका, मागचं चाक हवेत आहे."

"म्हणूनच म्हणतो, गिअरमध्ये टाका."

"गिअर मागच्या चाकाला अडवतो. ते जमिनीला लागतच नाहीये."

काका वाकले. चाकाकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं, मधल्या फटीत बोट घालून खात्री केली.

"हवेत आहे. पण गिअरमध्ये असलेलं बरं."

गाडी रोखून धरतो तो पुढचा ब्रेक. लिव्हर ग्रिपला जाड रबराने किंवा वेल्क्रोच्या पट्टीने आवळून बांधायचा आणि पुढच्या चाकाला पुढून-मागून पाचर मारायची. डबल स्टँडवर तर हे हवंच, कारण गाडी पुढे सरकली की तो मिटतो. मी पाचर दाखवत होतो, तेवढ्यात काकांनी सीटवर तळहात ठेवून गाडी दणकून ढकलली.

"हलत नाही हो!"

माझी दोन बोटं तेव्हा शॉकअपला स्विंगआर्मशी जोडणाऱ्या लिंकेजच्या पट्ट्यांमध्ये होती. कौतुक पोचलं.

याचसाठी घट्ट नट गाडी जमिनीवर असतानाच पाव फेरा सैल करून ठेवावेत. घोडीवर चढवल्यावर लांब पान्ह्याला हिसका देणं म्हणजे काकांचं काम आपणच करणं. शॉकअपचा बोल्ट सरकत नसेल तर हातोडा घेऊ नका, आटे जातात. लोंबकळणाऱ्या चाकाचं वजन त्या बोल्टवर आलेलं असतं. टायरखाली पाचर सरकवत चाक केसभर केसभर वर घ्या. बोल्ट बोटांनी फिरायला लागला की भार उतरला. तो निघाल्यावर स्विंगआर्म आणखी खाली येतो, तेव्हा ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना, ते आधी बघा.

काकांवर तरी किती चिडायचं? कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये पहिली पायरी असते, 'गाडी योग्य आधारावर सुरक्षितपणे उभी करा'. योग्य म्हणजे कुठला, सुरक्षित म्हणजे कसं, यावर बहुतेकदा चकार शब्द नाही. वजन आणि खर्च वाचवायला डबल स्टँड काढून टाकायचा, कित्येक गाड्यांना तो बसवायची सोयही ठेवायची नाही, आणि वर 'योग्य आधार'! बोल्ट किती जोराने आवळायचा तो टॉर्क मात्र न्यूटन-मीटरमध्ये काटेकोर. बोल्टभोवती रबरी बुश (नळीसारखा तुकडा) असेल तर शेवटची आवळणी गाडी चाकांवर टेकल्यावर द्यायची असते. हवेत आवळलं तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. माझ्या मॅन्युअलमध्ये हेही नाही. तिथे नुसता आकडा आहे.