कलम ६४-अ कुणी सांगतच नाही
एमडी, म्हणजे मेफेड्रोन या अमली पदार्थावरच्या एका लेखात कायदा आणखी कडक करा म्हटलंय. अहो, १९८५ चा एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायदा कडकच आहे! ५० ग्रॅमपेक्षा जास्त एमडी सापडलं तर किमान १० वर्षं, आणि जामीन मिळणं महाकठीण. विकणाऱ्यांना हे हवंच, त्यांची दया नको. पण त्याच कायद्यात कलम ६४-अ आहे. व्यसनी माणूस अल्प मालासह सापडला आणि स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला गेला, तर खटल्यातून सुटका मिळू शकते. माझ्या मावसभावाच्या वेळी हे आम्हाला ना पोलिसांनी सांगितलं, ना वकिलाने. मावशीने वकिलासाठी पाटल्या मोडल्या. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे, तिथे त्याला आम्ही दोन वर्षं उशिरा नेलं. ती दोन वर्षं फार महाग पडली.