'क्वो वादिस'मधले सिंह: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया कळकळीची आहे, म्हणून सविस्तर लिहितो. रोमन सम्राट नीरोने केलेल्या ख्रिस्ती लोकांच्या छळावरच्या १९५१ च्या 'क्वो वादिस' या चित्रपटातली सिंहांची दृश्यं मी इतिहासाला सोडून आहेत असं म्हटलं, तेव्हा कोलोसियममध्ये मेलेल्या ख्रिस्ती हुतात्म्यांचा छळच मी नाकारला, असा तुमचा आक्षेप.

छळ मी नाकारलेला नाही. पण कोलोसियम इथे आणताच येत नाही. ज्या आगीचा ठपका नीरोने ख्रिस्ती लोकांवर ठेवला, ती रोमची आग इ. स. ६४ च्या जुलैतली. कोलोसियम खुलं झालं ८० मध्ये, तेही नीरोच्या प्रासादातलं तळं होतं त्या जागी. रोमन इतिहासकार टॅसिटस जागा सांगतो ती नीरोच्या बागांची आणि सर्कसची, म्हणजे रथांच्या शर्यतींच्या मैदानाची. सिंहांचा त्याच्याकडे उल्लेखच नाही. माणसांवर जनावरांची कातडी चढवून कुत्र्यांकडून फाडवणं, क्रुसावर देणं आणि दिवस मावळल्यावर उजेडासाठी जाळणं, हे त्याने नोंदवलं आहे. नीरो उंच आसनावरून हे पाहत नव्हता. सारथ्याच्या वेशात गर्दीत मिसळून फिरत होता. मला तर हे सिंहांपेक्षा भयंकर वाटतं.

प्रेक्षकांचं मन पालटतं ते दृश्य खरं आहे, हा तुमचा मुद्दा मान्य. ख्रिस्ती पंथाबद्दल टॅसिटसला तिटकाराच होता, तरी हे लोक एका माणसाच्या क्रौर्यापायी मरताहेत असं वाटून लोकांना त्यांची दया आली, असं तोच लिहितो.

मला सर्वांत खटकतो तो शेवट. आखाड्यातल्या बलिदानानंतर लगेच जमाव उठतो आणि नीरो राजवाड्यात मरतो. प्रत्यक्षात तो मेला जून ६८ मध्ये, जवळजवळ चार वर्षांनी, शहराबाहेरच्या एका घरात. प्रांतांतले सेनापती उलटले, अंगरक्षकांनी साथ सोडली, सिनेटने त्याला शत्रू ठरवलं. हुतात्म्यांना त्यांच्या हयातीत काहीच न्याय मिळाला नाही, आणि त्यांच्या श्रद्धेचं मोल नेमकं हे लपवल्याने कमी होतं.

त्यानंतरचा छळ तर बराचसा कचेरीतला आहे. इ. स. ११२ च्या सुमारास रोमन प्रांताधिकारी प्लिनी सम्राट त्राजानला आपली पद्धत कळवतो. आरोपीला शिक्षेची धमकी देत तीनदा विचारायचं, 'तू ख्रिस्ती आहेस का?' 'हो' म्हणत राहिला तर मृत्युदंड. नाकारणाऱ्याने देवांचा धावा करायचा, सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप आणि मद्य वाहायचं, ख्रिस्ताला शिव्या द्यायच्या आणि घरी जायचं. त्राजानचं उत्तर: शोधून काढू नका, निनावी तक्रार घेऊ नका. 'नाही' म्हणून आणि धूप वाहून सुटता येत असताना तिसऱ्यांदाही 'हो' म्हणणारा माणूस, हे दृश्य कुणीतरी चित्रित करायला हवं. माहिती काढण्यासाठी प्लिनीने छळलेल्या दोन दासी, ज्यांना ख्रिस्ती मंडळीत सेविका म्हणत, त्या या कथेच्या नायिका शोभल्या असत्या.

येशूचा शिष्य पेत्र याला उलटं क्रुसावर दिलं, त्याबद्दल विचारलंत. ते टॅसिटसमध्ये नाही, दुसऱ्या शतकातल्या 'पेत्राची कृत्ये' या ग्रंथात आहे. चित्रपटाचं नावही तिथलंच: 'प्रभो, कुठे चाललास?' परंपरा म्हणून ते घेतलं, यावर माझी तक्रार नाही.