विश्वामित्रीतल्या मगरींना गोळ्या घाला म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

पावसाळा तोंडावर आला की बडोद्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरायला लागतो. सारांश असा: विश्वामित्रीत मगरी बेसुमार झाल्या आहेत, वन खातं त्यांना पकडून पुन्हा नदीतच सोडतं. ऑस्ट्रेलिया-अमेरिकेत मगरींची शिकार कायदेशीर आहे, मग इथेही परवाने द्या. नाहीतर ‘उपद्रवी’, म्हणजे मारायला मोकळीक असलेला प्राणी, जाहीर करून संख्या निम्म्यावर आणा. कातडं विकून महापालिकेची तिजोरीही भरेल. मराठी ग्रुपांवर त्याला हमखास एक शेपूट जोडलेलं असतं, की गायकवाडांच्या काळी शिकार होती तेव्हा कुठे होता हा त्रास?

यामागची भीती खोटी नाही. ऑगस्ट 2024 च्या पुरात काळा घोडा पुलापाशी 25 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून नदी 35 फुटांच्याही वर गेली आणि तीन दिवसांत 24 मगरी वस्तीतून उचलाव्या लागल्या. मगर हे खोडियार मातेचं वाहन, ती काही करत नाही, असं सांगणारेही तितकेच चुकतात. तीन-साडेतीन मीटरची मगर माणसाला ओढून नेऊ शकते, आणि विश्वामित्री आणि ढाढर या नद्यांच्या काठी तसं घडलेलंही आहे. पण मेसेजमधला उपाय या भीतीवर लागू पडत नाही. का, ते एकेक करून पाहू.

‘बेसुमार झाल्या’

फेब्रुवारी 2025 च्या गणनेत नदीच्या शहरी पट्ट्यात चारशेच्या वर मगरी मोजल्या गेल्या. आकडा मोठा आहे, वाद नाही. मात्र गणना हिवाळ्यात का करतात, हे लक्षात घ्या. थंडीत अंग तापवायला मगरी दिवसा काठावर येऊन पडतात, म्हणून तेव्हाच नीट मोजता येतात. रात्री बॅटरीच्या झोतात लाल चमकणारे डोळे मोजतात. थंडीत पुलावरून जाणाऱ्याला एका दमात पाच-सहा दिसतात आणि ‘यंदा किती वाढल्या’ ही बातमी होते. उन्हाळ्यात त्याच मगरी काठाच्या बिळांत आणि पाण्याखाली असतात.

मादी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये काठावर खड्डा करून साधारण 25 ते 30 अंडी घालते, पिल्लं मे-जूनमध्ये निघतात. त्यातली बहुतेक घोरपड, मुंगूस, बगळे, कुत्री आणि मोठ्या मगरी खातात. शेवटचं नाव महत्त्वाचं. नदीचा चांगला पट्टा एखाद्या दांडग्या नराने धरून ठेवलेला असतो. तो लहानांना खातो, नाहीतर हुसकावतो. शिकारी मारणार ते याच मोठ्या धुडांना, कारण तेच दिसतात आणि त्यांचाच फोटो काढावासा वाटतो. मग जागा मोकळी होते, जास्त पिल्लं तगतात, आणि मधल्या वयाच्या मगरी नवी जागा शोधत फिरू लागतात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडतात त्यात या मधल्या वयाच्या पुष्कळ असतात.

‘बंदूक चालवली की प्रश्न मिटला’

शहरातून वाहणाऱ्या, दोन्ही काठांना इमारती असलेल्या नदीत रायफल चालवायची म्हणजे काय, याचा विचार मेसेज लिहिणाऱ्याने केलेला दिसत नाही. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरकी लागलेली गोळी उसळून पुढे जाते. मगरीचा मेंदू अक्रोडाएवढा, डोळ्यांच्या मागे जाड हाडात. नेम दोन इंच चुकला तर मगर मरत नाही, जखमी होऊन तळाशी जाते. मेलीच, तरी आधी बुडते आणि कुजून फुगल्यावर वर येते. म्हणजे गोळी कोणाला लागली, लागली की नाही, हे त्या दिवशी कळतच नाही.

म्हणूनच अमेरिकेतल्या फ्लोरिडात परवानाधारक शिकाऱ्यालाही ॲलिगेटरवर (मगरीचा तिथला भाऊबंद) लांबून गोळी झाडता येत नाही. आधी भाला, गळ किंवा फास लावून जनावर दोरीला बांधून घ्यायचं, मग अगदी जवळून, डोक्याला टेकवली की गोळी उडते अशा नळीने मारायचं. इतकं जवळ जायचंच असेल, तर तेवढ्याच मेहनतीत मगर जिवंत बांधता येते.

‘ऑस्ट्रेलिया-अमेरिकेत चालतं ना’

चालतं, पण मेसेज म्हणतो तसं नाही. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीत कातड्यासाठी खाऱ्या पाण्यातल्या मगरी जवळपास संपवल्या गेल्या. 1971 मध्ये संरक्षण मिळालं तेव्हा सुमारे तीन हजार उरल्या होत्या. आज लाखाच्या घरात आहेत. तिथे मगरींतून पैसा येतो तो मुख्यतः अंडी गोळा करून फार्मला विकण्यातून, आणि तो जमीनमालकांना मिळतो म्हणून ते मगरींना नांदू देतात. हौशी सफारी-शिकारीचा प्रस्ताव तिथल्या केंद्र सरकारने 2014 मध्ये फेटाळला. तिथल्या डार्विन शहराच्या बंदरातून दरवर्षी शेकडो मगरी सापळ्याने काढतात, तरी पाण्यात बिनघोर उतरा असं तिथलं सरकार कधी म्हणत नाही. धोक्याच्या पाट्या तशाच उभ्या आहेत.

फ्लोरिडात परवान्याची शिकार 1988 पासून आहे. वस्तीतल्या तक्रारींसाठी मात्र वेगळी योजना: तक्रार आली, जनावर चार फुटांच्या वर आहे आणि त्या जागी धोका आहे, असं ठरलं तर नेमलेला पकडणारा तेच एक जनावर नेतो. आपल्याला घ्यायचाच तर हा धडा घ्यावा. राज्यातल्या ॲलिगेटरांची संख्या निम्मी करू असं तिथे कोणी म्हणत नाही.

‘उपद्रवी जाहीर करा’

मगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर केंद्राला उपद्रवी जाहीर करता येतात ते दुसऱ्या अनुसूचीतले प्राणी. म्हणजे हे दार बंद. पण ‘कायद्याने हात बांधले’ हेही खरं नाही. कलम 11 प्रमाणे एखादी विशिष्ट मगर माणसाच्या जिवाला धोका ठरली आणि तिला पकडणं, बेशुद्ध करणं, हलवणं शक्य नसेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक कारणं नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो. त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे, जी मेसेजवाल्यांना बहुधा माहीत नाही: स्वतःला किंवा दुसऱ्याला वाचवताना प्रामाणिकपणे प्राणी मारला गेला तर तो गुन्हा नाही, अट एवढीच की त्या वेळी तुम्ही स्वतःच कायदा मोडत नसावेत. मेलेलं जनावर मात्र सरकारचं. हौसेने मारली तर तीन ते सात वर्षं कैद.

‘कातडं विका’

भारतातली मगर वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या (CITES) पहिल्या परिशिष्टात आहे. रानातून मारलेल्या मगरीचं कातडं कायदेशीरपणे निर्यात होत नाही, देशातही विकता येत नाही. तिजोरीचा विषय इथेच संपला.

‘निदान आजव्याला नेऊन सोडा’

हे म्हणणारे दयाळू असतात, म्हणून त्यांना कोणी उलट विचारत नाही. आजवा तलावाचं जास्तीचं पाणी विश्वामित्रीतच येतं. पूर आला की सोडलेली मगर त्याच पाण्याबरोबर परतीच्या वाटेवर. शिवाय तिथे आधीच मगरी आहेत. नवी आली की तिला चावून हाकलतात, आणि जखमी, बिनजागेची मगर कुठेही शिरते. ऑस्ट्रेलियात हेलिकॉप्टरने हलवलेल्या एका मगरीचा उपग्रहाने माग काढला, तर ती चारशे किलोमीटरांहून जास्त पोहून वीस दिवसांत घरी परतली होती. ती जात वेगळी, समुद्रात पोहणारी. आपली मगर जमिनीवरून चालत येते. पकडलेली मगर वन खातं जवळच्याच पाण्यात सोडतं ते आळसाने नव्हे. माणसांवर वारंवार येणारी एखादी असेल तर ती कायमची पिंजऱ्यात ठेवावी, हे आमचंही मत.

‘गायकवाडांच्या काळी…’

तेव्हाची शिकार मौजेची होती. बडोद्याच्या शिकारखान्यातले पाळीव चित्ते काळविटांवर सोडले जात. त्यात नदीचं व्यवस्थापन कुठे आलं? 1901 च्या शिरगणतीत शहर जेमतेम लाखाचं होतं, 2011 मध्ये साडेसोळा लाखांवर गेलं. नदीकाठच्या ज्या पट्ट्यात तेव्हा पुराचं पाणी पसरायचं, तिथे आता वाहनतळ आहेत.

खरं काम काठावर आहे. मगर बहुतेकदा पाण्याच्या कडेला, एक-दोन मीटरच्या आत झडप घालते. माणूस वाकलेला, उकिडवा बसलेला, कपडे धुणारा किंवा गळ टाकून बसलेला असतो. मांसाचा कचरा, मेलेली जनावरं आणि सांडपाणी नदीत पडलं की मासे, कुत्री आणि डुकरं त्या जागी जमतात, आणि त्यांच्यामागे मगर येते. कचरा टाकायची जागा तीच आणि उतरायचा घाटही तोच, असं जिथे आहे, तिथे पाटी लावून काही होत नाही. कचरा बंद करावा लागतो आणि घाटापुढे लोखंडी गजांचं कुंपण पाण्यात उतरवावं लागतं.

सोसायटीच्या नदीकडच्या बाजूला तारेची जाळी पुरत नाही, लहान-मध्यम मगरी तिच्यावर चढतात. चार फुटांची गुळगुळीत भिंत हवी. नदीत सुटणाऱ्या पावसाळी गटाराच्या तोंडाला गजांची जाळी बसवा, दोन गजांत चार इंचांहून जास्त फट नको. कचरा अडकून पाणी तुंबतं म्हणून ऐन पावसाळ्यात लोक ती काढून ठेवतात, आणि मगर नेमकी त्याच वाटेने वर येते. म्हणून जाळी बिजागरीवर उचलता येईल अशी करा, म्हणजे साफ करून पुन्हा पाडता येते.

पूर ओसरल्यावर तळघर, लिफ्टचा खड्डा, गाड्यांखालची जागा आधी लांबून बॅटरीने तपासा, मगच चिखल काढायला माणसं उतरवा. मगर दिसली तर गोल करून उभे राहू नका. नदीची बाजू मोकळी सोडा, कुत्री बांधा, वन खात्याला कळवा. पकडणारे डोळ्यांवर ओलं गोणपाट टाकतात, जबड्याला फास लावून तोंड दोरीने बांधतात, मग मागचे पाय. जबडा मिटायची ताकद प्रचंड असते पण उघडायची फारच कमी, त्यामुळे साधी दोरी पुरते. गर्दीने तासभर दगड मारून तिला दमवलं असेल, तर मात्र रक्तात आम्ल साठून बांधलेली मगर काही तासांनी पिंजऱ्यात मरू शकते, आणि दमण्याआधी ती शेपटीने जवळच्या माणसाचा पाय मोडू शकते.