युद्धपटातली बाई 2018 साली जन्मली नाही

सध्या कोकणातल्या बऱ्याच ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. आमच्याकडे तो माजी सैनिकांच्या ग्रुपवरून गावच्या ग्रुपवर आला आणि तिथून महिला मंडळात. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जुन्या युद्धपटांत बाई नुसती रडायची, 'राझी'ने (2018) तिला पहिल्यांदा युद्धात उतरवलं, आता येणारे सिनेमे खरी गोष्ट सांगतात. आणि वर हेही की आपल्या आयाआज्या घरी बसून वाटच बघत होत्या, मग जुन्या दिग्दर्शकांचं तरी काय चुकलं? खाली टाळ्यांची रांग.

आधी ते 'पहिल्यांदा' घेऊ. सोहराब मोदींचा 'झाँसी की रानी' 1953 चा. राणीच्या सासरचं, नेवाळकरांचं, मूळ गाव लांजा तालुक्यातलं कोट, तेव्हा निदान रत्नागिरीकरांनी तरी तिला विसरू नये. ती राणीच होती, तिचं काय सांगता, असं कुणी म्हणेल. ठीक. चेतन आनंद यांच्या 'हकीकत'मधली (1964) आंगमो साधी लडाखी मुलगी आहे. प्रिया राजवंशने केलेली ही आंगमो कॅप्टनबरोबर मागे थांबते, चिनी सैन्याला थोपवते आणि तिथेच मरते.

त्याहून जुना, 1946 चा, शांतारामबापूंचा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी'. कोटणीस म्हणजे युद्धकाळात चीनमध्ये सेवा करायला गेलेले सोलापूरचे डॉक्टर. खऱ्या आयुष्यात त्यांची बायको क्वो छिंगलान चीनमधल्या युद्धकाळच्या रुग्णालयात परिचर्या शिकवत होती. पडद्यावर ती जयश्रीबाईंनी उभी केली. आता गंमत बघा. कोटणीस 1942 साली गेले, त्यानंतरही ती चीनमध्येच राहिली, तिथेच काम केलं, तिथेच 2012 साली वारली. सिनेमा मात्र शेवटी तिला बाळासकट सोलापूरच्या सासरी आणून पोचवतो. म्हणजे बाईला युद्धात दाखवायला आपले लोक तेव्हाही कचरत नव्हते. ती तिथेच राहिलेली मात्र त्यांना बघवत नव्हती. मेसेजवाल्याने यावर लिहिलं असतं तर मीही टाळी दिली असती.

'खरी गोष्ट' म्हणाल, तर 'राझी' कादंबरीवर बेतलेला आहे. कारगिलच्या वेळच्या महिला वैमानिकावरचा 'गुंजन सक्सेना' (2020) आला तेव्हा हवाई दलाची प्रतिमा त्यात विनाकारण वाईट रंगवली आहे, असं दलाने सेन्सॉर बोर्डाला लेखी कळवलं. कारगिलच्या वेळी हेलिकॉप्टर उडवणाऱ्या श्रीविद्या राजन यांनी तर जाहीरपणे लिहिलं की आपणही तिथे होतो आणि सिनेमातला पंजा लढवण्याचा प्रसंग घडलाच नव्हता. एका बाईला मोठं करताना दुसरी गायब! 'द गाझी अटॅक'मध्ये (2017) 1971 च्या पाणबुडीत तापसी पन्नू वावरते; तेव्हा पाणबुडीवर बायका नसायच्याच, त्यामुळे त्यावर नौदलात नोकरी केलेली आमच्याकडची मंडळी अजून हसतात.

आता ते 'घरी बसून'. हे मात्र झोंबलं.

'बॉर्डर'मध्ये (1997) आणि चार तासांहून लांब 'एलओसी कारगिल'मध्ये (2003) बायका काय करतात? निरोप देतात, पत्र वाचतात, दारात उभ्या राहतात. त्यांच्या हातात काम म्हणून दिसत नाही. कारगिलची लढाई मे ते जुलै 1999. कोकणात हे दिवस भाजावळ (पेरणीआधी शेत भाजणं) उरकण्यापासून लावणीपर्यंतचे. आमच्या वाडीतल्या एका काकूंचा नवरा तेव्हा कारगिलच्या आघाडीवर, द्रासला होता. मृग लागला, पेरणी झाली, तरवा, म्हणजे भाताची रोपं, हातभर झाला, पण जोत धरायला माणूस नाही. बाईने नांगर धरायचा नाही असा रिवाज, म्हणजे दिराची मनधरणी आली. दिराचं आधी स्वतःचं शेत. इकडे तरवा पिवळा पडायला लागलेला. त्यात सातबारा सामायिक, त्यामुळे सोसायटीच्या कर्जाला सह्या हव्यात आणि सही करणारा डोंगरावर. संध्याकाळी चिखलाचे पाय न धुताच काकू पडवीत टीव्हीसमोर बसायच्या, नावं ऐकायला. लाईट गेली की रेडिओ. याला घरी बसणं म्हणत असाल तर एक पावसाळा येऊन बसून बघा.

वाट बघण्याला माझी हरकत नाही, बायका वाट बघतच होत्या. सिनेमावाल्यांनी त्यातलं काम काढून टाकलं, मागे फक्त ओढणी आणि वारा ठेवला, आणि मेसेजवाला तेच खरं धरून चाललाय.

'वाट बघण्यात कसली स्टोरी?' असंही कुणी खाली लिहिलंय. रशियन दिग्दर्शक कलातोझोव यांचा दुसऱ्या महायुद्धावरचा 'द क्रेन्स आर फ्लाइंग' (1957) बघा. त्याला 1958 साली कान चित्रपट महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. त्यातली वेरोनिका वाटच बघते. पण ती रुग्णालयात राबते, खचते, प्रियकराच्या चुलतभावाशी लग्न करून बसते, पस्तावते. आपल्याकडे जवानाच्या बायकोला पडद्यावर साधं चिडायचीसुद्धा मुभा नाही. काकू त्या जुलैत दिरावर, तलाठ्यावर, पावसावर आणि द्रासला असलेल्या नवऱ्यावरसुद्धा भडकलेल्या असायच्या.