मामांच्या सिगारेटबद्दल

तुमची प्रतिक्रिया वाचली. ‘आतड्याच्या रुग्णांनी सिगारेट सोडावी हा सल्ला अर्धवट आहे. आमच्या मामांनी ती सोडली आणि वर्षाच्या आत संडासातून रक्त पडू लागलं. आता ते पुन्हा दोन ओढतात आणि बरे आहेत,’ असं तुम्ही लिहिलंय.

मामांचा अनुभव खोटा ठरवायचं मला काहीच कारण नाही. अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज आणि जखमा होऊन रक्त पडण्याचा आजार, सिगारेट ओढणाऱ्यांत कमी दिसतो, हे १९८२ पासून नोंदलेलं आहे. सोडल्यावर पहिल्या काही वर्षांत तो उफाळू शकतो, हेही. आणि डोंबिवलीहून रोज सीएसएमटी गाठणाऱ्या माणसाचे हाल मला कळतात. लोकलमध्ये संडास नाही, कळ आली की कुर्ला असो की दादर, उतरायचं आणि रांगेत उभं राहायचं. त्यातून सोडवणारी कुठलीही गोष्ट हवीहवीशीच वाटणार.

पण म्हणून सिगारेट औषध होत नाही. नव्वदच्या दशकात निकोटिनच्या पट्ट्या लावून चाचण्या झाल्या. आजार भडकलेला असताना काहींना आराम पडला, पण तो टिकवायला पट्टी उपयोगी पडली नाही, वर मळमळ आणि चक्कर. शिवाय कोलायटिस मुळातच चढउताराचा आजार. मामा मेसालामीनच्या, म्हणजे आतड्याची सूज उतरवणाऱ्या, गोळ्याही घेत असतील, तर श्रेय टपरीवरच्या सिगारेटला का द्यायचं?

मला खरी धास्ती वेगळीच आहे. क्रोन्स, म्हणजे आतड्याला सूज आणणारा दुसरा दीर्घ आजार, असेल तर सगळं उलटं होतं. सिगारेटने आजार पुन्हा पुन्हा उसळतो, स्टेरॉइडची गरज वाढते, आतडं कापायची वेळ येते आणि जोडलेल्या जागी तो परत उगवतो. सोडून वर्षभर तग धरला, तर आजार भडकण्याचं प्रमाण कधीच न ओढणाऱ्यांइतकं खाली येतं. इतकी ताकद त्या एका गोष्टीत आहे. आणि सुरुवातीला कोलायटिस म्हटलेल्या काहींचं निदान पुढे क्रोन्स ठरतं. आपल्याकडे आतड्याचा टीबीही क्रोन्ससारखाच दिसतो, आणि टीबीलाही सिगारेट खतपाणी घालते.

तेव्हा मामांची कोलोनोस्कोपी आणि बायोप्सीचे जुने रिपोर्ट काढा, पोटविकारतज्ज्ञांना दाखवा आणि ‘ते सिगारेट ओढतात’ हे लपवू नका. कोलायटिसच निघाला, तर आधी औषधं नीट बसवून घेऊन मगच सोडायची तारीख ठरवता येईल. सोडायला मदत लागली तर १८००-११-२३५६ हा सरकारी क्विटलाइनचा टोल फ्री नंबर आहे.