चितळ तेच, रान वेगळे

मागच्या हिवाळ्यात अंदमानला जाणे झाले. पोर्ट ब्लेअरसमोरच्या (आताच्या श्री विजयपुरमसमोरच्या) रॉस बेटावर, म्हणजे आताच्या नेताजी सुभाषचंद्र बोस बेटावर उतरलो, तर इंग्रजांच्या पडक्या भिंतींच्या सावलीत चितळांचा कळप बसलेला. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडकडे आयुष्य गेलेल्या माणसाला चितळाचे अप्रूप नसते. पण आमच्याकडचे चितळ धानात शिरले तरी दर दोन घासांनी मान वर करून कान टवकारते, आणि तिथली मादी मात्र माझ्या हाताशी येऊन नारळाचा तुकडा निवांत चघळत राहिली. तिने भ्यावे असे त्या बेटावर काही नाहीच.

चितळ मुळात अंदमानचे नव्हे. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजांनी शिकारीच्या हौसेपायी ते तिथे नेऊन सोडले. वाघ नाही, रानकुत्री नाहीत. त्यात चितळ चांगले पोहते, त्यामुळे एका बेटावरून दुसऱ्यावर जात ते दूरवर पसरले. जंगलातली कोवळी रोपे ते खाऊन टाकते आणि जुन्या झाडाची जागा घेणारे झाड वर येतच नाही. इंटरव्ह्यू बेटावर तर हत्तीही आहेत. लाकडाचा धंदा बुडाल्यावर १९६२ च्या सुमारास ते तिथेच सोडून दिले गेले.

माझ्या मनाला अधिक लागला तो बेडूक. मृगाच्या सरी पडल्या की आपल्या धानाच्या बांध्यांत हळदीसारखे पिवळे नर गळ्याच्या निळ्या पिशव्या फुगवून रात्रभर ओरडतात, तोच हा. मत्स्यबीजासोबत, म्हणजे तळ्यात सोडायच्या माशांच्या पिल्लांसोबत, नकळत तो अंदमानात पोहोचला आणि आता त्याची पिल्ले डबक्यांतल्या स्थानिक बेडकांची पिल्ले खातात. इथे ज्याच्या आवाजावर आपण पावसाची खात्री धरतो, तोच तिथे उपरा ठरतो. यात त्याचा दोष नाही, नेणाऱ्याचा आहे.

तरीही अंदमानातली चितळे कमी केलीच पाहिजेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मुक्या जीवाची दया मलाही येते, पण अंदमानातल्याच नारकोंडमचा धनेश पक्षी सात चौरस किलोमीटरही नसलेल्या एका बेटाखेरीज जगात कुठेच नाही. तिथे पोलीस चौकीसाठी नेलेल्या बकऱ्यांनी रोपे खाल्ली, तेव्हा त्या हलवाव्याच लागल्या.

परतल्यावर यंदा आमच्या बोडीत, म्हणजे शेतालगतच्या लहान तळ्यात, मत्स्यबीज सोडण्याआधी प्रत्येक पिशवी घमेल्यात रिकामी करून तपासावी, असा आग्रह मी धरला. दोन पिशव्यांत आम्ही न मागितलेली पिल्ले निघाली. ती आम्ही पाण्यात जाऊ दिली नाहीत.