आल्फा फाय आल्फाबद्दल फिरणाऱ्या त्या मेसेजचा खुलासा

कालपासून ग्रुपवर फिरतंय की मार्टिन ल्यूथर किंगनी अमेरिकेत आल्फा फाय आल्फा नावाची गुप्त संघटना काढली आणि डॉ. आंबेडकर कोलंबियात असताना तिचे मेंबर होते. दोन्ही चूक आहे.

ही गुप्त संघटना वगैरे काही नाही, कॉलेजमधली फ्रॅटर्निटी, म्हणजे विद्यार्थ्यांची बंधुत्वाची संघटना आहे, ४ डिसेंबर १९०६ ला कॉर्नेल युनिव्हर्सिटीत सात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी सुरू केली, कारण तिथं त्यांना एकटं पाडलं जायचं, आधी नुसता अभ्यासाचा ग्रुप होता. किंग जन्मले १९२९ ला, मग स्थापना कशी करतील? ते १९५२ मध्ये बोस्टनला पीएचडी करताना मेंबर झाले. तारखा शेजारी ठेवल्या की झालं. विद्वत्ता, सत्कर्म आणि सगळ्या माणसांवर प्रेम ही या फ्रॅटर्निटीची तत्त्वं, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये चार गोल्ड जिंकणारे जेसी ओवेन्स, सुप्रीम कोर्टाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती थर्गुड मार्शल हे तिचेच मेंबर. वॉशिंग्टनमधल्या किंग स्मारकासाठी पुढाकारही याच लोकांनी घेतला, मला तर हीच सगळ्यात भारी गोष्ट वाटते.

बाबासाहेबांचा धागा खरा आहे पण वेगळा, त्यांनी १९४६ ला अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिलं होतं, आणि आल्फा फाय आल्फाचे मेंबर होते ते डु बॉइस, बाबासाहेब नाही. पत्र आजही उपलब्ध आहे, त्यात विषय अस्पृश्यांच्या हक्कांचा आहे, फ्रॅटर्निटीचा नाही.

जुना मेसेज पुढे ढकलू नका प्लीज, ज्यांना पाठवलाय त्यांना हा पाठवा.